रिकामी बाजू

साप निर्दोष निघाला.

त्याच्यात काहीतरी खोट सापडावी म्हणून ती सकाळपासून पडद्यासमोर डोळे ताणून बसली होती. एखादा वाकडा सुळा, जबड्याच्या हाडाला बसलेला जुना मार, जन्मजात व्यंग, काहीही चाललं असतं. संस्थेत तिला सगळे एक्स-रे बाई म्हणत. खरं तर तिचं यंत्र साध्या एक्स-रेच्या पुष्कळ पुढचं होतं. आत ठेवलेली वस्तू हळूहळू फिरवत ते चारी बाजूंनी छायाचित्रं घ्यायचं आणि त्यांतून केसाहून पातळ काप पडद्यावर रचून दाखवायचं. सुरी न लावता केलेली चिरफाडच ती. संस्थेत सापांचं विष काढून त्यापासून सर्पदंशावरची लस तयार करत, त्यामुळे विषदंतांच्या आत डोकावणं हे तिच्या खोलीतलं रोजचं काम. मेलेले साप तिच्याकडे बरणीतून येत, आणि बरणी घेऊन येणारा बहुतेक वेळा तिचा थोरला भाऊच असे. "एक्स-रे बाई, गिऱ्हाईक आणलंय," तो दारातूनच सांगायचा. "पासपोर्ट फोटो काढून दे. हलणार नाही, हसणार नाही, आणि फोटो वाईट आला म्हणून भांडायलाही येणार नाही."

या वेळची बरणी शिपायाने मुकाट्याने टेबलावर ठेवली होती. आतलं डोकं ज्या सापाचं होतं तो दादाला चावला होता, आणि दादा आता नव्हता.

दादा सापघरात विष काढायचा. त्या दिवशी विष काढता काढता साप हातात वळला आणि हातमोजा भेदून सुळा अंगठ्यात गेला. लस हाताशी होती. शीतकपाटात बाटल्यांच्या रांगा लागल्या होत्या. पण आधीच्या दंशांवर इतक्यांदा लस घेतल्यामुळे दादाच्या शरीराला आता तीच सोसत नव्हती. जी तयार व्हावी म्हणून त्याने उमेदीची वर्षं विष काढण्यात घालवली, तीच अंगात जाताच त्याचा श्वास कोंडला. विष थांबवावं तर लस मारते, लस थांबवावी तर विष मारतं, अशा कात्रीत डॉक्टर सापडले. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

मग चौकशी झाली आणि अहवालात दोन शब्द आले: 'हाताळणीतील निष्काळजीपणा'. नियमपुस्तकात सापाच्या डोक्यावर अंगठा जिथे ठेवायला सांगितलाय, त्याच्या पुढे दादाचा अंगठा होता. तसं लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. पण दादा आणि निष्काळजी? कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणारा माणूस तो. दुसऱ्याचा चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेला दिसला तर तो बोलता बोलता आत सरकवायचा. सापाला मारून त्याचं डोकं तपासायचं ठरलं तेव्हा संचालकांनी तिला बोलावून विचारलं, हे काम बाहेरून करून घेऊ का? ती म्हणाली, हे यंत्र दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही. ते खरं होतं, पण खरं कारण ते नव्हतं. ते दोन शब्द तिला खोडून हवे होते.

पडद्यावर आधी डावा सुळा आला. बाहेरून बघावा तर नुसता वाकडा काटा, आतून मात्र तो पोकळ सुई होता. मुळाशी पुढच्या बाजूला विष आत शिरायचं भोक, टोकाच्या जरा अलीकडे बाहेर पडायची लांबट फट, आणि या दोन्हींना जोडणारी गुळगुळीत नळी. नळीच्या मागच्या अंगाला चंद्रकोरीसारखी दुसरी पोकळी होती. ती दाताच्या जिवंत गराची. दोन्ही पोकळ्या शेजारी असूनही त्यांच्यातली भिंत कुठे फुटलेली नव्हती. हे सगळं ती नेहमी बघायची. एकदा दादाला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ पडद्यापुढे वाकून उभा राहिला होता आणि म्हणाला होता, आमचे नळ दुरुस्त करणाऱ्याला हे दाखवायला हवं.

मग तिने उजवी बाजू पुढे घेतली. सापघराच्या भाषेत ही रिकामी बाजू.

हा शब्द तिच्या वडिलांचा. निवृत्त होईपर्यंत तेच सापघराचे उस्ताद होते, आणि तिथे हातात साप धरणारा प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून गेलेला होता. सापाचे सुळे अधूनमधून गळून पडतात. कधी पिंजऱ्यात सापडतात, कधी विषाच्या पेल्यावर ताणलेल्या रबरी पडद्यात रुतून राहतात. सुळा पडल्यावर त्या बाजूने विषाचा थेंब येत नाही, हे उस्तादांनी पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी ठरवलं की साप पुढची कात टाकेपर्यंत ती बाजू रिकामी. मग तिथे अंगठा बिनधास्त पुढे घ्यायचा, म्हणजे पकड पक्की बसते आणि गालातली विषाची पिशवी नीट दाबता येते. नियमपुस्तकात हे कुठेच नव्हतं. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेलं होतं, बापाकडून मुलाकडेही तसंच.

दादाने अंगठा पुढे का घेतला, हे तिला त्यामुळे न सांगताच कळलं होतं. तिचा अंदाज असा की साप विचित्र असणार. डावा सुळा भलताच लांब असेल, किंवा जबडा निखळलेला असेल, म्हणून तो आडवा पडून पलीकडच्या अंगठ्यापर्यंत पोहोचला. तसं दाखवता आलं तर दादाच्या नावापुढचे ते दोन शब्द जातील.

उजव्या जबड्याच्या हाडात शेजारी शेजारी दोन खोबणी होत्या. एक रिकामी, पडलेल्या सुळ्याची. दुसरीत नवा सुळा उभा होता.

अर्धवट फुटलेला कोंभ नव्हता तो. पूर्ण वाढलेला, टोकदार, मुळाशी हाडाला सिमेंटसारखा चिकटलेला. डोकं तिने आयोडीनमध्ये मुरवत ठेवलं होतं, त्यामुळे मऊ भागही काळ्याकरड्या रंगात उमटले होते. विषाची नळी जुन्या खोबणीकडून वळून नव्या सुळ्याच्या भोकाला नेमकी येऊन भिडली होती. आणि सबंध सुळ्यावर मांसाचं जाड म्यान. साप सुळे मिटून टाळ्याला लावून ठेवतो. तोंड उघडून नुसतं पाहणाऱ्याला तिथे हिरडीखेरीज काही दिसणं शक्य नव्हतं. त्याच्या मागे, हिरडीच्या आत, आणखी सुळे रांगेने झोपलेले होते. प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, शेवटचा तर नुसती टोपी.

नव्या सुळ्याच्या टोकाजवळच्या फटीत काहीतरी पांढरं चमकत होतं. तिने चित्र मोठं केलं. हातमोज्याच्या रबराची चिंधी होती ती.

ती खुर्चीत मागे टेकली. दादाला रिकामी बाजू चावली होती.

तरीही तिने हार मानली नाही. हाच एक साप तसा असेल. फडताळातल्या जुन्या बरण्या काढून तिने एकेक डोकं यंत्रात लावलं. हे काम तिला पुढे कितीतरी दिवस पुरलं. कुठे जुना आणि नवा दोन्ही सुळे शेजारी उभे होते, कुठे नवा नुकताच खोबणीकडे सरकत होता, कुठे जुना मुळाशी झिजून पडायच्या बेतात होता. रिकामी बाजू एकाही सापाला नव्हती. काही थोडा काळ नव्या सुळ्याला नळी जोडली गेलेली नसते, एवढीच काय ती सवलत. बाबांचा सगळा नियम काळाच्या त्या फटीत उभा होता, आणि त्या फटीतून ते जन्मभर सुखरूप ये-जा करत आले होते.

संचालकांनी चित्रं शांतपणे पाहिली. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, अहवाल बदलता येईल. चूक हाताची नव्हती, रीतीची होती, असं लिहिता येईल. मग त्यांनी चष्मा काढला.

"पण रीत कुणाची, ते लिहावं लागेल. उस्तादांना आधी तू सांगशील, की मी सांगू?"

तिने थोडे दिवस मागून घेतले.

ते दिवस तिला मिळाले नसते तरी चाललं असतं, कारण घरी ही गोष्ट लांबवायला वेळच नव्हता. दादा गेल्यावर वहिनीने त्याची जागा मागून घेतली होती. वहिनी आधीपासून सापघरातच होती, सापांना घालायचे उंदीर सांभाळायची. आता तिच्या हातात साप येणार होता. आणि घरी रोज संध्याकाळी, चहा झाला की, बाबा हाक मारत, "सूनबाई, ये."

काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड आणि सावली तेवढी कळे. पण शिकवायला त्यांना डोळे लागत नसत, कारण त्यांचा हातच साप होता. मनगट म्हणजे मान, अंगठा म्हणजे खालचा जबडा, वाकवलेली दोन बोटं म्हणजे सुळे. मुलगा लहान असल्यापासून ते असंच शिकवत आले होते. आता त्या हाताला कंप सुटला होता, तरी साप झाला की तो स्थिर व्हायचा. वहिनी समोर बसून तो धरायची. बाबा हात फिरवत, झटके देत, तिची पकड सुटली की कडवटपणे हसत. "मेलीस. परत धर." मग एक बोट मुठीत मिटून घेत. "हा पडला. आता?"

वहिनी अंगठा पुढे सरकवून मिटलेल्या बोटाच्या बाजूला ठेवायची.

"शाब्बास. इथे तुला भीती नाही."

दाराशी उभी राहून ती हे रोज बघत होती. वहिनीचा तो अंगठा, कामाने खरखरीत झालेला, कडेला उंदराच्या चाव्याचा व्रण असलेला, ठरल्यासारखा पुढे सरकायचा. एकदा वहिनीला बाजूला घेऊन सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण वहिनी सासऱ्यांचा शब्द मोडणारी नव्हती, आणि बाबांचा शब्द मोडायचा तर तो बाबांसमोरच मोडायला हवा, असं तिने स्वतःला पटवलं. बाबांना पडद्यावरचं काही दिसणार नव्हतं. म्हणून तिने त्या सापाचा जबडा पुष्कळ मोठा करून प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये छापून घेतला. पांढरा, हलका, ओंजळीत मावेल एवढा.

शिकवणीच्या वेळी तिने तो बाबांच्या हातात दिला. वहिनी नेहमीप्रमाणे समोर बसली होती.

"हे काय गं?"

"सापाचा वरचा जबडा आहे, बाबा. यंत्राने मोठा करून काढलाय. हात लावून बघा."

बाबांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी कोणीतरी त्यांना साप दिला होता. बोटं सराईतपणे फिरू लागली. हा डावा सुळा, हे विषाचं भोक, हे टाळू, असं ते वहिनीला सांगत गेले. मग उजवीकडे बोट खोबणीत शिरलं. "आणि ही बघ, सूनबाई, रिकामी बाजू. मी काय सांगत होतो?"

"जरा शेजारी बघा, बाबा," ती म्हणाली.

वहिनीने मान वर केली. "बाबा, चहा गार होतोय तुमचा."

पण बोट सरकलं होतं. ते दुसऱ्या सुळ्याला लागलं, थांबलं, वर टोकापर्यंत गेलं, परत मुळाशी आलं. बाबांनी सुळा चिमटीत धरून हलवून बघितला, दुधाचा दात हलवून बघावा तसा.

"हलत नाही."

"हाडाला चिकटलाय तो. जुना पडायच्या आधीच चिकटतो. आणि त्याच्या मागे हात लावा, पुढचे सगळे रांगेत आहेत."

त्यांनी मागे हात लावला. एकेक सुळा मोजल्यासारखा चाचपला. कपाळावर आठी आली.

"हा साप वेगळा असेल एखादा."

"फडताळातले सगळे बघितले मी. सगळे असेच आहेत."

"मग मला कसा नाही चावला?" बाबांच्या आवाजात राग होता. उस्ताद शिकाऊ पोराला झापतात तसा. "आं? एवढे साप या हाताने धरले. मला कसा नाही चावला?"

याचं उत्तर तिने पाठ करून ठेवलं होतं. नव्या सुळ्याला विषाची नळी जोडली जायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात तुम्ही धरत आलात, असं ती म्हणाली. सांगताना आवाज शक्य तितका सपाट ठेवला, यंत्राच्या खोलीत एखाद्या पाहुण्याला समजावून सांगत असावी तसा. बाबांनी ऐकून घेतलं.

"हा जबडा कुठल्या सापाचा?"

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. नको, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. पण ते तिला वहिनीचं भिडस्तपण वाटलं, आणि वहिनीचा तो अंगठा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"दादाचा," ती म्हणाली.

बाबांनी टेबलाची कड बोटांनी चाचपली, जबडा टेबलावर ठेवला आणि कडेपासून चांगला आत सरकवला. मग भिंतीच्या आधाराने उठून आपल्या खोलीत गेले. चहा तसाच राहिला.

स्वयंपाकघरात वहिनी नळाखाली कप धरून उभी होती.

"झालं समाधान?" तिने वळूनही न पाहता विचारलं.

तिला रागच आला. ती म्हणाली, तुझा जीव वाचावा म्हणून केलं हे, आणि दादाच्या नावावरचा डाग जावा म्हणून. उद्या तूही तोच अंगठा पुढे केला असतास.

वहिनीने नळ बंद केला. कप ओट्यावर पालथा घातला.

"गाडीतून नेताना हे शुद्धीवर होते," ती म्हणाली. "मला म्हणाले, रिकाम्या बाजूने चावला गं. मग म्हणाले, बाबांना कळू देऊ नकोस."

ओट्यावरचं पाणी निथळून थेंब थेंब खाली पडत होतं.

वहिनीने पुढचं अगदी रोजच्या सुरात सांगितलं. दादाला पोहोचवून आल्यावर पहिलं काम तिने तेच केलं होतं. सापघरातल्या एकेकाला गाठून बजावलं, रिकामी बाजू वगैरे काही नसतं, यापुढे अंगठा मागे. कोणी विचारलंच तर संचालकांचा हुकूम म्हणून सांगा. तिथे आता कोणीही तसं धरत नव्हतं. जागासुद्धा तिने त्यासाठीच मागितली होती, रोज डोळ्यांनी बघता यावं म्हणून. अहवाल तिने वाचला होता. खाली तिची सहीही होती.

"निष्काळजी लिहिलंय त्यात. दादाला. आणि तू सही केलीस?"

"ह्यांनीच निवडलं ते. मी कोण खोडणार?"

"मग रोज संध्याकाळी बाबांपुढे अंगठा कशाला करत होतीस?"

"त्यांना शिकवायला कोणीतरी हवं होतं ना," वहिनी म्हणाली. "नाहीतर दिवसभर ते काय करतात, बघितलंयस कधी?"

ती ओट्याला टेकली. तिने विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तू बाबांना सांगितलं असतंस," वहिनी म्हणाली आणि फडक्याने ओटा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळीच संचालकांना कळवलं की अहवाल आहे तसा राहू द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. फडताळातल्या बरण्या पुन्हा जागेवर लावताना तिला एकदा वाटलं, दारातून कोणीतरी गिऱ्हाईक आल्याची वर्दी देतंय. शिपाई होता, पाण्याचा जग घेऊन आलेला.

घरी आली तेव्हा बाबांच्या खोलीचं दार बंद होतं. वहिनी म्हणाली, दिवसभर बाहेर आले नाहीत, जेवण आत नेऊन दिलं तर अर्धं परत आलं. टेबलावरचा जबडा मात्र तिथे नव्हता. रोजची वेळ झाली. वहिनीने चहा केला, तीन कप भरले, आणि दोघी बसून राहिल्या.

"सूनबाई, ये."

बाबा खाटेवर ताठ बसले होते. जबडा उशाशी होता, उजवी बाजू वर करून ठेवलेला. त्यांनी हात पुढे केला, दोन बोटं वाकवली. हाताचा कंप थांबला. वहिनीने समोर बसून तो धरला. त्यांनी झटका दिला, तिने सांभाळला. आणखी एक झटका, तोही सांभाळला. मग नेहमीसारखं त्यांनी एक बोट मुठीत मिटून घेतलं.

"हा पडला. आता?"

ती दाराशी उभी होती. वहिनीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग अंगठा पुढे सरकवला, रोजच्या जागी, मिटलेल्या बोटाशेजारी ठेवला.

मिटलेलं बोट उघडलं. म्हातारं, जाड नख अंगठ्याच्या मांसात शिरलं आणि बाबांनी ते तिथेच दाबून धरलं. त्यांच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या. वहिनीने अंगठा मागे घेतला नाही. नखाच्या कडेने रक्ताची बारीक रेघ फुटली, तेव्हा कुठे ते सुटलं.

"मिटलेलं बोट असं उघडतं, हे त्याला मी शिकवलं नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी ओला झालेला बोटाचा शेंडा दुसऱ्या बोटांनी चाचपून पाहिला. मग हात परत पुढे केला, आणि या वेळी तो चांगलाच थरथरत होता.

"परत धर."